अंग धरायच्या गोळ्या

९ मार्च, रविवार

आज अकरा मुली आल्या. मागच्या रविवारी सहाच होत्या. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकली आणि फरशीवरच खडूनं डोक्याचं चित्र काढलं. भूक पोटात नाही, मेंदूत लागते, असं सांगितल्यावर एकजण म्हणाली, "मंग आमच्या बुड्याच्या डोक्यात दुसरं काही नाहीच म्हना, ताई!" सगळ्या इतक्या हसल्या की मला पुढे बोलताच येईना. नंतर मात्र नीट ऐकलं. भूक, भीती, पाळी, या तिन्हींचे हुकूम डोक्यातल्या वाटाण्याएवढ्या जागेतून सुटतात. ते रक्तातून जिथल्या तिथे पोचवतात ती हार्मोन्स. परीक्षेसाठी पाठ केलेलं असं गावच्या भाषेत सांगता आलं की फार बरं वाटतं.

मी हजेरी घेत नाही. नाव विचारलं की मुली गप्प होतात, घरी कळेल म्हणून घाबरतात. इथे कोणीही यावं आणि काहीही विचारावं.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पुसदला बी.एस्सी. केलं, आता महागावला शिकवणी वर्गात दहावीला विज्ञान शिकवते. बाबा गावभर सांगतात, "आमची प्रियंका अर्धी डॉक्टर हाये." मी त्यांना दुरुस्त करत नाही. करायला पाहिजे.

१५ मार्च

वैष्णवीचं काहीतरी बिनसलं आहे. काय ते कळत नाही.

माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. अकरा मेला तिचं लग्न आहे, बाभुळगावकडच्या रजतशी. डिसेंबरात साक्षगंध झालं, अंगठी घातली, तेव्हा रजतच्या आत्यानं, प्रभावतीबाईंनी, सगळ्यांसमोर तिचं मनगट दोन बोटांत धरून म्हटलं होतं, "पोरगी सोन्यावानी हाये, पन अंगात काहीच नाही बाई. खुंटीवर साडी टांगल्यावानी दिसते." त्या दिवशी आई रडली होती. आता तीन महिन्यांत वैष्णवीचं तोंड पुनवेच्या चंद्रासारखं भरलं आहे. आई खुश, शेजारच्या बाया खुश. "अंग धरलं पोरीनं," म्हणतात.

पण आज दुपारी जेवणं होऊन तास झाला नव्हता, आणि ती स्वयंपाकघरात टोपल्यातल्या भाकरी कोरड्याच खात होती. चौथी भाकरी होती. मी हसून म्हटलं, "काय व, भुकाळली का?" तिनं मान वर केली तर डोळ्यांत पाणी.

"मले भूक लागत नाही ताई. भूक मले खाऊन राह्यली."

मी तिला जवळ घेतलं. तिची छाती केवढी तरी जोरात उडत होती.

१९ मार्च

शकुबाई कासारीण लग्नाच्या चुड्याचं माप घ्यायला आली. गावातल्या सगळ्या पोरींची मनगटं तिला पाठ आहेत. वैष्णवीचा हात दाबून म्हणाली, "दोन-चारचीच बांगडी. तोंड एवढं भरलं, हात तसाचा तसा!" आई म्हणाली, "हाडच बारीक हाये तिचं." शकुबाई टोपली उचलून लगेच गेली.

नंतर ब्लाउजच्या मापासाठी वैष्णवीनं पदर बाजूला केला आणि मी जागच्या जागी थांबले. पोटावर, कमरेवर जांभळ्या रेघा. बोटाएवढ्या रुंद. कोणीतरी आतून नखांनी ओरबाडल्यासारख्या.

"हे काय?"

"नवी साडी काचली."

साडीनं असं होत नाही. तिची पाळीही जानेवारीपासून आली नाही, हे तिनं मागेच सांगितलं होतं. तेव्हा मी तिला समजावलं होतं की लग्नाचा ताण असेल. मेंदूला दुष्काळ वाटला की तो पेरणी थांबवतो. ही उपमा मला इतकी आवडली होती की मी पुढे काही विचारलंच नाही.

२१ मार्च

गोळ्या सापडल्या. तांदळाच्या डब्यात, कागदाच्या पुडीत. बारीक पांढऱ्या आणि फिक्या निळ्या. पाकीट नाही, नाव नाही.

"कायच्या आहेत?"

"अंग धरायच्या." वैष्णवीनं खाली पाहूनच सांगितलं. "सकाळी दोन, संध्याकाळी दोन. शकुबाईनं देल्या. साक्षगंधाच्या दुसऱ्याच दिवशी."

आई चुलीपुढून म्हणाली, "मीनंच सांगतलं घ्याले. एवढं काय झालं? अख्खं गाव घेते. पोरीईचे लग्नं होऊन राह्यले त्याच्यानं."

"आई, यात काय आहे ते तरी माहीत आहे का तुला?"

"तुले माहीत हाये ना? तू तं शिकलेली."

मला माहीत नव्हतं.

२२ मार्च

महागावला शिकवणी संपल्यावर एका औषधाच्या दुकानात दोन्ही गोळ्या दाखवल्या. दुकानदारानं पाहून बाजूला ठेवल्या. निळी भुकेची, पांढरी स्टेरॉइड. "कोनी देली? हे खूप दिवस घ्याची नसते," एवढंच बोलला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

बसमध्ये मोबाइलवर वाचत आले. चेहरा सुजणं, पोटावर चरबी, हातपाय बारीक राहणं, जांभळ्या रेघा, पाळी बंद, हाडं ठिसूळ, रक्तात साखर. एकेक शब्द म्हणजे वैष्णवी. शेवटी जे लिहिलं होतं ते इथे उतरवून ठेवते, म्हणजे आईला दाखवता येईल:

"ही गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय *घेऊ नये* आणि डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बंद करू नये."

"घेऊ नये"खाली मी दोन रेघा ओढल्या आहेत. गावातल्या पोरींना कोणी विचारलंही नाही, आणि त्यांच्या अंगात विष भरलं जात आहे. राग इतका आला आहे की पेन कागदात रुततं आहे.

२३ मार्च, रविवार

केलं! सकाळी आईसमोर पुडी चुलीत टाकली. वैष्णवीला तुळशीपुढे उभं करून शपथ घ्यायला लावली की पुन्हा एकही गोळी घेणार नाही. ती घाबरली होती. म्हणाली, "एकदम बंद केल्यानं वाळून गेली तं? प्रभावतीआत्या पाहाले येनार हाये."

"वाळलीस तर वाळलीस. जिवंत राहशील."

वर्गाला चौदा मुली आल्या, आजवरच्या सगळ्यांत जास्त. मी गोळ्यांचं सगळं सांगितलं. कोण घेतं ते विचारलं नाही, पण चेहऱ्यांवरून कळत होतं. दाराजवळ बसलेल्या, पहिल्यांदाच आलेल्या एका मुलीनं हळूच विचारलं, "आजच बंद करायच्या का ताई, का हातातली पुडी संपवून?"

"आजच. घरी गेल्या गेल्या फेकून द्या."

आज पहिल्यांदा वाटलं की शिकल्याचा उपयोग झाला.

२९ मार्च

वैष्णवीची भूक एकदम गेली. अर्धी भाकरी खाते. चेहरा उतरू लागला आहे. दिवसभर पडून असते, अंग दुखतं म्हणते. माझ्या मते शरीर साफ होत आहे. आईला तसंच सांगितलं.

३१ मार्च

कालच्या पाडव्यामुळे वर्ग नव्हता. पुढच्या रविवारी रामनवमी, म्हणजे तेव्हाही नाही.

काल वैष्णवी गुढीला हळद-कुंकू लावायला उठली आणि भिंतीला धरून तशीच उभी राहिली. "डोळ्यापुढं अंधारी आली." पुरणाचा एक घास घेतला, तो परत आला. गुडघे, खांदे, बोटांचे सांधे, सगळंच दुखतं म्हणते. एकवीस वर्षांची पोरगी उठताना "माय व" म्हणते.

हे किती दिवस चालणार? सवय सुटताना असं होत असेल. दारू सोडणाऱ्यांना होतं तसं. तसंच असेल.

३ एप्रिल

आज तीनदा उलटी. भिंतीपलीकडच्या रुखमाबाईंना ऐकू गेली. बाहेर येऊन आईला म्हणाल्या, "काय वो लीलाबाई, लग्नाआधीच खुशखबर का?" आणि हसल्या. थट्टाच होती. पण आईचं तोंड पांढरं पडलं.

दुपारी आईनं मला गोठ्यामागे नेलं. "तू सांग मले खरं. तिची पाळी तीन महिन्यापासून नाही. वकाऱ्या करून राह्यली. तिचं काही... तो रजत फोनवर बोलते तिच्यासोबत तास तास..."

"आई! फोनवर बोलल्यानं होतं का?"

"मले माहीत नाही काय होते न् कायनं होते. तू जाय, ते पट्टी घेऊन ये."

महागावला ओळखीचं दुकान टाळून, तोंडाला ओढणी बांधून पट्टी आणली. लहान बहिणीच्या हातात ती देताना लाजेनं मेल्यासारखं झालं. एकच रेघ आली. वैष्णवी रडली नाही, चिडलीही नाही. म्हणाली, "झालं समाधान?" आणि पुन्हा आडवी झाली. तिला चिडायलाही जोर नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

५ एप्रिल

कालपासून जुलाब आणि ताप. ऊन त्रेचाळीसच्या वर आहे. फाट्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले ऊन लागलं, दोन बाटल्या सलाईन लावल्या.

"काही औषधं चालू आहेत का?"

आई लगेच म्हणाली, "नाही." बाकड्यावर रजतच्या गावचा एक माणूस बसला होता. त्याच्यापर्यंत गोळ्यांची गोष्ट पोचू नये म्हणून ती घाईनं बोलली, हे मला कळलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मीही "नाही" म्हटलं. खोटं नव्हतं ते. चालू नाहीतच, दोन आठवड्यांपूर्वीच बंद केल्या आहेत.

सलाईननंतर तिला थोडी हुशारी आली. घरी येताना ऑटोत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून होती. तिचं डोकं एवढं हलकं कधीपासून झालं?

८ एप्रिल

काल लिहिता आलं नाही. आज लिहून ठेवते.

काल सकाळी अकराच्या सुमारास वैष्णवी मोरीत गेली आणि आवाज आला. मी धावले तर ती फरशीवर पडलेली, अंग गार, घामानं भिजलेलं. एवढ्या उन्हात गार. मला ओळखेना. बाबांना "मामा" म्हणाली. मामा जाऊन सहा वर्षं झाली. आई ओरडली ती अजून माझ्या कानात आहे.

पुसदला पोचेपर्यंत मी तिची नाडी धरून बसले होते. मध्येच सापडायची, मध्येच सुटायची. सुटली की मी स्वतःचा श्वास बंद करून शोधायची. कॉलेजात नाडी मोजायला मला पैकीच्या पैकी गुण होते.

दवाखान्यात तरुण डॉक्टर मॅडम होत्या. रक्तदाब लागेना. साखर अगदी खाली. त्यांनी वैष्णवीचं पोट पाहिलं, त्या जांभळ्या रेघा पाहिल्या आणि ताडकन वळल्या.

"स्टेरॉइड कधीपासून घेत होती?"

आई म्हणाली, "आमची पोरगी काहीच..."

"तीन महिने," मी म्हणाले. "पण आता बंद आहेत. पंधरा दिवस झाले."

"बंद? एकदम?"

"हो."

"कोणी सांगितलं बंद करायला?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. बाबांनीही.

"मी."

मॅडमनी सिस्टरला इंजेक्शनचं नाव ओरडून सांगितलं.

संध्याकाळी चार वाजता वैष्णवीनं डोळे उघडले आणि आईला म्हणाली, "बाबा जेवले का?" आई तिथेच पलंगाचा पाय धरून खाली बसली.

नंतर मॅडमनी समजावलं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. आजारपणात, तापात, धक्क्यात माणसाला उभं ठेवणारं हार्मोन त्या करतात, मेंदूच्या हुकुमावर. "तुमच्या शेतात रोज बाहेरचे मजूर येऊन निंदण करून गेले तर घरचे गडी काय करतील?"

बाबा म्हणाले, "बसून राह्यतीन."

"महिनोन् महिने बसले तर?"

"मंग कामाची सवयच जाईन."

"आणि एके दिवशी बाहेरचे मजूर एकदम बंद केले, त्यातच पिकावर रोग आला. तुम्ही हाका मारता, पण घरचा गडी उठतच नाही." मॅडम वैष्णवीकडे पाहून म्हणाल्या, "तिचा मेंदू हुकूम द्यायचंच विसरला होता. आता योग्य गोळी मोजून द्यायची आणि कित्येक महिन्यांत, थेंबाथेंबानं कमी करायची."

मान हलवत मी ऐकत होते. या ग्रंथींचं चित्र मी परीक्षेत काढलं आहे, नावं देऊन, रंगवून.

९ एप्रिल

सकाळी दवाखान्याच्या बाकावर ही वही मागून पुढे चाळली. २२ मार्च. "बंद करू नये." माझ्याच अक्षरात, बाकी अर्ध्या वाक्याशेजारी. रेघ न ओढलेलं.

आणि खाली २३ मार्च. चौदा मुली. आजच, घरी गेल्या गेल्या.

वैष्णवीजवळ आईला बसवून मी पहिल्या बसनं गावी आले. चौदांपैकी तेरा चेहरे आठवले, तेरांची घरं माहीत होती. दुपारच्या उन्हात एकेक दार वाजवलं. नऊ जणींनी कधी घेतल्याच नव्हत्या. दोघींनी माझं ऐकलंच नव्हतं, गोळ्या चालूच होत्या. मी त्यांच्या पाया पडायची बाकी राहिले होते. "थँक्यू," म्हणाले, तर त्या माझ्याकडे वेड्यासारख्या पाहू लागल्या. दोघींनी बंद केल्या होत्या, पण घेतल्या होत्या आठवडाभरच. या चौघींच्या आयांना गोळा करून सांगितलं: आपल्या मनानं बंद करू नका, आपल्या मनानं सुरू करू नका, उद्या पुसदला नेऊन दाखवा.

एक म्हातारी म्हणाली, "परवा म्हने फेका, आज म्हने फेकू नका. कोन्या कॉलेजात शिकली व तू?"

राहिली चौदावी. दाराजवळ बसलेली, जिनं विचारलं होतं. कोणालाच ठाऊक नाही. "तांड्यावरची असन," एकजण म्हणाली. "नाही, कोनाची तरी पाहुनी होती," दुसरी म्हणाली. आसपास बंजाऱ्यांचे चार तांडे आहेत. मी तिचं नाव विचारलं नव्हतं.

१० एप्रिल

फार विचार करून, म्हणजे खरं तर काहीच विचार न करता, सकाळी सातला शकुबाईच्या दारात गेले. तीन आठवडे मनात मी तिला काय काय म्हटलं होतं! ती अंगणात काचेच्या बांगड्यांना दोरा ओवत बसली होती. मला पाहताच उठली.

"पोलीस आनले का?"

"नाही. एक पोरगी शोधायची आहे. उंच, सावळी, हनुवटीवर जुनी खूण. तुम्ही गोळ्या दिल्यात का तिला?"

"मी कोनालेच काही देल्या नाही."

"शकुबाई, वैष्णवी मरत होती."

दोरा तिच्या हातातून सुटला. बांगड्या अंगणभर गेल्या, पण तिनं त्या उचलल्या नाहीत. मी वैष्णवीचं सगळं सांगितलं. ती ऐकत गेली आणि खाली बसत गेली.

"माहं नाव घेशीन तं मी तोंड नाही उघडत," शेवटी म्हणाली.

"नाही घेणार." असा शब्द देणं बरोबर की चूक, हे पाहायला वेळ नव्हता.

"दोन-दोनची बांगडी बसते तिले, पोराच्या हातावानी हात हाये," ती म्हणाली. "राखी. नाल्यापलीकडच्या तांड्यावर. देवसिंगची. संक्रांतीपासून घेत होती. चाल."

तांड्यावर देवसिंगभाऊंचा ऑटो दारातच उभा होता. त्यांची बायको हंसाबाई उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"पोरगी कुठे आहे?"

"मामाच्या घरी गेली."

आतून कोणीतरी "याडी" म्हणून आईला हाक मारली. फार बारीक आवाज. हंसाबाईनं डोळे मिटले.

शकुबाई म्हणाली, "हंसाबाई, मी बांगड्या भराले नाही आली. पोरगी दाखव."

"काय दाखवू?" हंसाबाई एकदम कुजबुजली. "चार दिवसापासून वकाऱ्या. पाळी नाही. दवाखान्यात नेलं तं तांडा काय म्हनन? बापाले वाटते ऊन लागलं. मी कोनाले सांगू?"

"तिला दिवस गेलेले नाहीत," मी म्हणाले. "गोळ्यांनी झालं आहे हे."

"गोळ्या तं तिनं कवाच्याच फेकल्या. शाळेतल्या ताईनं सांगतलं म्हून."

शकुबाई माझ्याकडे पाहत होती. मला तिथून पळून जावंसं वाटलं. हे लिहिलंच पाहिजे, कारण ते खरं आहे.

"ती ताई मीच. मी चुकीचं सांगितलं होतं."

हंसाबाईनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तूच का?" ती दारातून बाजूला झाली. "मंग उचल तिले."

मी उचललं. आत अंधार होता, खिडकीला गोधडी लावलेली. राखीचं अंग वैष्णवीसारखंच गार होतं. तेच भरलेलं तोंड, तेच काडीसारखे हात. ती माझ्या कानाशी म्हणाली, "ताई, मी त्याच दिवशी फेकल्या." शाबासकीसाठी सांगावं तसं.

११ एप्रिल

पुसद, दवाखान्याचा व्हरांडा. दुपारचे दोन.

राखीला काल पोचताच तेच इंजेक्शन दिलं, कारण मी या वेळी दारातूनच ओरडून सांगितलं. पण वैष्णवी चार तासांत उठून बसली होती, तशी ही बसली नाही. छातीत कफ आहे, ताप आहे. मॅडम म्हणतात आजचा दिवस जाऊ द्या. हंसाबाई तिच्या पायथ्याशी बसली आहे. सकाळी मला विचारलं, "तू शिकलेली ना? सांग मंग, जगते का?"

"मले माहीत नाही, काकू."

इतकी वर्षं प्रमाण भाषेत बोलायचा अट्टहास केला. आज तोंडातून घरचंच आलं. हंसाबाईनं मान हलवली आणि माझ्याकडे पाण्याचा पेला सरकवला. क्षमा नव्हती ती. पाणीच होतं.

मॅडमनी विचारलं, गोळ्या कोण विकतं? शकुबाई बाकावर माझ्या शेजारीच होती, मांडीवर रिकामी टोपली. मी म्हणाले, बाजारातून येतात. मॅडमना ते पटलं नाही. मलाही पटलेलं नाही. शब्द दिला होता आणि तो पाळला. हे पुढे मला त्रास देणार.

मॅडम गेल्यावर शकुबाई म्हणाली, "माही सून घेऊन राह्यली अजून. मीनंच देल्या. दिवाळीपासून. तिले फेकाले सांगू का नको सांगू?"

तिच्या आवाजातही माझीच भीती होती.

"फेकायला नका सांगू. इथे आणा. आणखी कोणाकोणाला दिल्यात?"

"लय पोरी हायेत व."

"सांगा. मी लिहून घेते."

"नावं नाही ध्यानात राह्यत माह्या. हात ध्यानात राह्यतात. घर दाखवीन. तुले गोळी माहीत हाये, मले घरं माहीत हायेत."

एक, तिची सून, लालीबाई. दोन, तळ्याकाठच्या तांड्यावरची, दोन-चार, डाव्या मनगटावर गोंदलेला विंचू. तीन, तिचीच बहीण. चार, फाट्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्याची थोरली, लग्न होऊन गेली पन पुडी माहेरूनच नेते. पाच आणि सहा, एकाच मांडवात लग्न लागलेल्या दोघी जावा, दोन-सहा. सात, जिचं ठरून मोडलं...

आत सिस्टर धावत गेली, म्हणून मध्ये उठले. सलाईनची बाटली बदलायची होती, एवढंच. राखीचा श्वास चालू आहे. मी मोजला. परत येऊन बसले.

एकतीस झाल्या. मला वाटलं, संपल्या. उद्या सकाळी कोणत्या गावापासून निघायचं ते विचारणार, तेवढ्यात शकुबाईनं माझ्या हातावर हात ठेवला.

"थांब. महागावच्या बाजारातल्या तं राह्यल्याच."

मी पान उलटलं.